अँतिओकियाच्या डोंगरातली 'बोबेरा': वेगळ्या पडलेल्या समाजांत स्मृतिभ्रंशाच्या जनुकांचा शोध

वैनतेयी | १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

आजीला शेवटची काही वर्षं जे झालं होतं त्याला आमच्या घरात 'म्हातारचळ' म्हणायचे. आईचं तसंच सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर 'अल्झायमर' लिहून दिलं. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे जनुकांची भाषा अनोळखी नाही. पण एका गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते, ती इथे मांडते.

कोलंबिया देशात अँतिओकिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे, मेडेयिन ही त्याची राजधानी. शहराच्या उत्तरेला यारुमाल, आंगोस्तुरा, बेल्मिरा अशी गावं. इथल्या काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या एकच प्रकार घडत आलाय. चाळिशी ओलांडलेला धडधाकट माणूस एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारू लागतो, शेताची वाट चुकतो, मग बायको-मुलांना ओळखेनासा होतो आणि पन्नाशी-साठीत जातो. गावकरी याला 'ला बोबेरा' म्हणत, म्हणजे खुळेपणा. कुणी म्हणे एका पाद्र्याचा शाप आहे, कुणी म्हणे अमुक झाडाला हात लावला की होतं. आपल्याकडे 'बाहेरचं काही लागलंय' म्हणतात, तसंच.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेडेयिनच्या रुग्णालयात बेल्मिराचा ४७ वर्षांचा एक माणूस आला. तपासणारे डॉक्टर होते फ्रान्सिस्को लोपेरा, तेव्हा न्यूरॉलॉजीचं शिक्षण घेणारे, स्वतः यारुमालमध्ये वाढलेले. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? वडिलांना होतं, आजोबांना होतं. लोपेरा त्या गावाला गेले आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी हा धागा सोडला नाही. ते आणि त्यांच्याबरोबरच्या परिचारिका घोड्यावरून, खेचरावरून वाड्यावस्त्यांवर जात. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या नोंदी उतरवून घेत. तो काळ गनिमी टोळ्यांचा आणि अमली पदार्थांच्या माफियांचा, आणि मेडेयिन त्याचं केंद्र. त्या काळात रक्ताच्या नळ्या घेऊन डोंगर उतरणं किती जोखमीचं असेल याचा विचार करून पाहा.

नोंदी जुळत गेल्या तशी वेगवेगळी वाटणारी घराणी अठराव्या शतकातल्या एका मूळ कुटुंबाकडे जाऊ लागली. १९९५ साली गुणसूत्र १४ वरचं प्रीसेनिलिन-१ हे जनुक सापडलं आणि त्याच वर्षी या घराण्यांतला बदलही कळला. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात २८० व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अलानिन येतं. एका अक्षराची चूक. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून ती आली तरी पुरते. सरासरी ४४ व्या वर्षी विस्मरण जाणवू लागतं, ४९ च्या आसपास पूर्ण स्मृतिभ्रंश होतो. या गोतावळ्यात सुमारे ६,००० माणसं आहेत आणि त्यांतल्या सुमारे १,२०० जणांत हा बदल आहे. एकाच बदलामुळे होणाऱ्या अल्झायमरचा जगातला हा सर्वांत मोठा ज्ञात कुटुंबसमूह.

असे आजार शोधायला वेगळ्या पडलेल्या समाजांकडेच का जातात, हे मी मुलांना बियाण्याच्या मुठीवरून सांगते. कोठारात शंभर वाणांचं धान्य मिसळलेलं आहे. त्यात एखादाच काळा दाणा, हजारात एक. कुणीतरी त्यातली एक मूठ उचलून दूरच्या डोंगरात नेऊन पेरली आणि योगायोगाने त्या मुठीत तो काळा दाणा आला. पुढे दरवर्षी त्याच शेतातलं बी त्याच शेतात पडत राहिलं. दहा पिढ्यांनी त्या शेतात काळे दाणे ढिगाने दिसतील. शिवाय ते सगळे एकाच दाण्याचे वंशज असल्यामुळे त्यांच्या आजूबाजूचा डीएनएसुद्धा लांबच्या लांब सारखाच असतो. शास्त्रज्ञांना ती एकच अक्षराची चूक शोधायची नसते, तिच्याभोवतीचा तो सारखा लांब तुकडा शोधायचा असतो, आणि तो सापडणं पुष्कळ सोपं. मोठ्या मिसळलेल्या शहरात हे तुकडे पिढ्यांनी चिरून बारीक झालेले असतात.

मात्र मला सांगायचंय ते पुढचं.

या गोतावळ्यात एक बाई होत्या. बदल होता, म्हणजे पंचेचाळिशी-पन्नाशीत स्मृती जायला हवी होती. सत्तरी आली तरी त्या घर चालवत होत्या, विस्मरण थोडंसंच, तेही सत्तरीनंतरचं. संशोधकांनी त्यांना बॉस्टनला नेऊन मेंदूची चित्रं काढली तर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा थर कल्पनेपलीकडे साचलेला. ज्याला आपण अल्झायमरची पहिली खूण मानतो, तो गच्च भरलेला. आणि तरी 'टाउ' नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या गुंतवळी, ज्या पेशींना खरोखर मारतात, त्या फार कमी. कारण सापडलं 'एपीओई' या जनुकात. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहराच्या नावाने ओळखला जाणारा एक दुर्मिळ बदल त्यांना आई आणि वडील दोघांकडूनही मिळाला होता. हे २०१९ साली प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी त्या कर्करोगाने गेल्या आणि घरच्यांनी त्यांचा मेंदू संशोधनाला दिला.

तीस-पस्तीस वर्षं सगळे पडणाऱ्यांकडे बघत होते. न पडलेली एक बाई दिसली आणि औषध कुठे शोधायचं याची दिशाच वळली. इतक्या घराण्यांची वंशावळ हाताशी नसती तर एक म्हातारी ठणठणीत आहे यात कुणाला काय दिसलं असतं? त्यांना पन्नाशीतच आजार व्हायला हवा होता, हे मुळात माहीत असायला हवं होतं.

लोपेरा १० सप्टेंबर २०२४ रोजी गेले. त्यांच्यावर आपल्या भाषेत फारसं कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा धागा. आणि एक प्रश्न मनात ठेवून: या लोकांनी चाळीस वर्षं रक्त दिलं, मेंदू दिले, त्यांना काय मिळालं?

---

रानवारा | १२ ऑगस्ट, रात्री १०:१५

वाचून काही वेळ तसाच बसून राहिलो. फार नेटका लेख. एक शंका. नात्यात लग्नं केल्यामुळे हे होतं का? आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत होती, माझ्या थोरल्या चुलत्यांचं तसंच झालंय.

---

वैनतेयी | १२ ऑगस्ट, रात्री १०:५०

रानवारा, हा गैरसमज सगळीकडे आहे, विचारलंत ते बरं केलं. अँतिओकियातला बदल एकाच पालकाकडून आला तरी आजार होतो. नवरा-बायको सात जन्मांत नातेवाईक नसले तरी मुलाला पन्नास टक्के शक्यता. नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो तो दोन्हीकडून सदोष प्रत यावी लागते अशा आजारांत.

तिथे डोंगराने काय केलं? माणसं बाहेर गेली नाहीत, कुटुंबं मोठी, दहा-बारा मुलं, आणि आजार सुरू होतो तोवर मुलं जन्मून मोठीही झालेली. म्हणून तो बदल पिढ्यांमधून गळून गेला नाही. तुमच्या काकांच्या लग्नाचा इथे संबंध नाही.

---

निनाद_प्रयोगशाळा | १३ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मी अनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो (अल्झायमरवर नाही, रक्ताच्या आजारांवर). मुठीचा दाखला आवडला, वर्गात वापरणार. आणखी काही शेतं दाखवतो.

पहिलं आइसलँड. लोकसंख्या चार लाखांच्या आत आणि हजार वर्षांच्या वंशावळी लिहून ठेवलेल्या. १९९६ साली कारी स्टेफान्सन यांनी तिथे डीकोड ही कंपनी काढली. २०१२ साली त्यांनी १,७९५ आइसलँडवासीयांचे पूर्ण जनुकसंच वाचून एक बदल दाखवला. अमायलॉइड ज्या मोठ्या प्रथिनापासून तुटून बनतं त्या एपीपीमध्ये ६७३ व्या जागी अलानिनऐवजी थ्रिओनिन. हा बदल असलेल्यांना अल्झायमर क्वचित होतो आणि म्हातारपणी बुद्धीही चांगली टिकते. प्रयोगशाळेत पाहिलं तर अमायलॉइड सुमारे ४० टक्क्यांनी कमी बनतं. गंमत बघा, त्याच ६७३ व्या जागी वेगळं अमिनो आम्ल, व्हॅलिन, एका इटालियन कुटुंबात सापडलंय आणि दोन्ही प्रती तशा असल्या तर लवकर स्मृतिभ्रंश होतो. एकच जागा, एक बदल तारतो, दुसरा मारतो. मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

दुसरं व्होल्गा जर्मन. १७६३ साली रशियाच्या सम्राज्ञी कॅथरिनने जाहीरनामा काढून जर्मन शेतकऱ्यांना व्होल्गाकाठी वसवलं. ते तिथेही आपसातच सोयरिकी करत राहिले, पुढे त्यांतले बरेच अमेरिकेला गेले. सिएटलच्या संशोधकांना लवकर अल्झायमर होणारी काही कुटुंबं मिळाली, ती सगळी याच लोकांची निघाली. त्यांच्यावरून १९९५ साली प्रीसेनिलिन-२ सापडलं. म्हणजे एका राणीच्या फर्मानाने एक मूठ उचलली आणि सव्वादोनशे वर्षांनी ती अमेरिकेत उगवली.

तिसरं फिनलंड. तिथे एएलएस हा आजार जास्त, ज्यात स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. त्याचा माग काढता काढता २०११ मध्ये नवव्या गुणसूत्रावरचं सी९ओआरएफ७२ हे जनुक सापडलं. यात सहा अक्षरांचा तुकडा शेकडो वेळा पुन्हा पुन्हा लिहिला जातो. त्या देशातल्या कौटुंबिक एएलएसच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत हेच. आणि हाच बदल कपाळामागच्या मेंदूचा स्मृतिभ्रंशही करतो, ज्यात आठवणींच्या आधी स्वभाव बदलतो. फिनलंडचे नमुने हाताशी नसते तर दोन वेगळ्या आजारांचं हे एकच मूळ दिसायला आणखी बरीच वर्षं गेली असती.

---

टिंबटिंब | १३ ऑगस्ट, सकाळी ९:०५

लेख चांगला, निनाद यांचा प्रतिसादही. पण मला सावध व्हावंसं वाटतं. 'वेगळा पडलेला समाज' म्हटलं की भारतात त्याचा अर्थ जात होतो. उद्या कुणी म्हणेल अमुक जातीत अमुक खोट आहे. सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या जोडीला डीएनएचा कागद मागतील. आपण कुठे चाललोय याचा विचार व्हावा.

अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींचं प्रकरण अनेकांना माहीत नसेल. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारी ही छोटी जमात. १९९० पासून त्यांनी रक्त दिलं, कारण त्यांच्यात मधुमेह फार होता आणि त्यावर संशोधन होईल असं सांगितलं होतं. नंतर कळलं की त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, आपसातली लग्नं आणि ते मूळचे कुठून आले असे विषयही अभ्यासले गेले. आम्ही या दरीतलेच, ही त्यांची श्रद्धा. २०१० साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत दिले. जमातीचे लोक ते आणायला स्वतः गेले होते.

---

सुमनमावशी | १३ ऑगस्ट, दुपारी २:३०

मी ६८ वर्षांची आहे. ह्यांना चार वर्षांपासून आजार आहे, मी एकटी बघते. मुलगा बंगलोरला असतो, तो म्हणतो आई तू तुझी जनुकांची तपासणी करून घे, ऑनलाइन थुंकी पाठवली की रिपोर्ट येतो. तुमचं हे सगळं वाचलं, सगळं समजलं असं नाही. पण मला खरंच करावी का ती तपासणी? ह्यांच्या आईला ऐंशीव्या वर्षी विसरायला व्हायचं.

---

निनाद_प्रयोगशाळा | १३ ऑगस्ट, रात्री ८:१०

सुमनमावशी, आधी तुमच्या प्रश्नाचं.

अँतिओकियासारखा एकाच जनुकाचा आजार जगातल्या अल्झायमर रुग्णांपैकी एका टक्क्याहूनही कमी लोकांत असतो. त्याची खूण म्हणजे चाळिशी-पन्नाशीत सुरुवात आणि सलग पिढ्यांत तेच. काकांच्या आईला ऐंशीला झालं, त्यात तसं काही दिसत नाही. शिवाय काकांचा आजार काकांच्या रक्तातला, तुमच्या तपासणीत तो दिसणारच नाही. काळजी असेल तर मुलाची असावी, आणि त्यातही घाबरण्यासारखं नाही.

थुंकीच्या रिपोर्टात बहुधा एपीओई-४ बघतात, म्हणजे वर आलेल्या एपीओई जनुकाचा धोका वाढवणारा प्रकार. एक प्रत असली तर युरोपीय वंशाच्या लोकांत धोका साधारण तिप्पट होतो, दोन असल्या तर आठ-बारा पट. हे आकडे सगळ्या समाजांना सारखे लागू नाहीत. नायजेरियाच्या इबादान शहरातल्या योरुबा लोकांत हा संबंध फार क्षीण आढळला. इस्रायलमधल्या वादी आरा भागातल्या अरब गावांत तर अल्झायमर खूप, पण एपीओई-४ अगदी कमी. आणि आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत भारत-अमेरिका मिळून जो अभ्यास झाला त्यात ६५ पुढच्या लोकांत अल्झायमरचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास निघालं. एपीओई-४ तिथेही कमीच, पण सगळा फरक त्याने भरून निघत नाही. लोक कमी जगत असतील, आजार लपलेला असेल, खाणं-कष्ट वेगळे असतील. म्हणून समुपदेशकाशी न बोलता घरबसल्या ही तपासणी करू नये असं माझं स्पष्ट मत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची १४ कारणं दिली आहेत ज्यांवर काही करता येतं: ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, नजर, वगैरे. कान तपासून घ्या, मावशी. ते खरंच उपयोगाचं आहे.

टिंबटिंब, तुमचा मुद्दा मोठा आहे, रात्री सविस्तर लिहितो.

---

सुमनमावशी | १३ ऑगस्ट, रात्री ८:४५

बरं वाटलं रे. कान खरंच कमी झालाय एक. टीव्हीचा आवाज वाढवते म्हणून शेजारी तक्रार करतात. दाखवते.

---

निनाद_प्रयोगशाळा | १३ ऑगस्ट, रात्री ११:३०

टिंबटिंब,

टाळून चालणार नाही अशी वस्तुस्थिती आधी. २०१७ साली हैदराबादचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटाने दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजांतल्या २,८०० हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८१ समाजांत मुठीचा परिणाम फिनलंडच्या किंवा पूर्व युरोपीय ज्यूंच्यापेक्षा जास्त तीव्र निघाला. त्यातले १४ समाज प्रत्येकी दहा लाखांहून मोठे. म्हणजे वेगळं पडायला बेट किंवा डोंगर लागत नाही. गल्ली तीच, विहीर तीच, पण बेटी-व्यवहार नाही, एवढं पुरतं. आणि हे शतकानुशतकं चाललंय.

आता याचा उपयोग बघा. तेलुगू भाषक वैश्य समाजात एका एन्झाइमची कमतरता इतर ठिकाणांच्या शंभरपट जास्त आहे. भूल देताना स्नायू सैल करायचं एक नेहमीचं औषध अशा माणसाला दिलं तर तो तासन् तास श्वास घेऊ शकत नाही. तिथले भूलतज्ज्ञ आधी विचारून घेतात. समाजाची बदनामी झाली नाही, माणसं वाचली.

मुंबईतलं उदाहरण पारशी समाजाचं. १९८०च्या दशकात संशोधकांनी पारशी कॉलन्यांमध्ये घरोघर जाऊन सुमारे १४ हजार रहिवाशांची पाहणी केली. पार्किन्सनचं प्रमाण लाखात ३२८ आलं, तेव्हा माहीत असलेल्या आकड्यांत फार वरचं. पारशी लोकांनी दारं उघडली, आत बोलावून बसवलं, आणि पुढेही त्यांच्या जनुकांचे प्रकल्प झाले. २०११च्या जनगणनेत त्यांची भारतातली संख्या ५७,२६४. इतका छोटा समाज आपलं म्हातारपण विज्ञानाला दाखवायला तयार होतो, मला त्याचं मोल वाटतं.

तुमची भीती खोटी नाही. पण न बघण्याने ती दूर होणार नाही. बघण्याआधी कोणाचं रक्त, कशासाठी, किती वर्षं, आणि दुसऱ्या कामाला वापरायचं तर पुन्हा विचारणार का, हे कागदावर हवं. हवासुपाईंच्या बाबतीत नेमकं तेच चुकलं.

---

टिंबटिंब | १४ ऑगस्ट, सकाळी ८:५०

भूलवाला मुद्दा पटला. तरी एक भर. आइसलँडमध्येसुद्धा सगळं सुरळीत झालं नव्हतं. १९९८ साली तिथे कायदा करून सगळ्या देशाच्या आरोग्य नोंदी एका ठिकाणी आणायचं ठरलं, 'नको' असं कळवलं नाही तर होकार धरणार. एका तरुण मुलीने मृत वडिलांची माहिती द्यायला नकार दिला, कारण त्यावरून तिच्याबद्दलही कळणार. २००३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. ते एकत्र कोठार कधी उभंच राहिलं नाही. पुढचे शोध लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या रक्तावर झाले.

मुलीने वडिलांसाठी हक्क मागितला यात मला फार अर्थ दिसतो. जनुक एकट्याचं नसतं.

आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली एका विमा खटल्यात सांगितलं आहे की अनुवंशिक आजार म्हणून सरसकट दावा नाकारणं हा भेदभाव. पण तो एका खटल्यातला निकाल. यावर वेगळा पक्का कायदा हवाच.

---

कोकणी_माणूस | १४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

चर्चच्या नोंदी, आइसलँडच्या वंशावळी हे वाचून मला आमच्या कुलवृत्तांताचं जाडजूड पुस्तक आठवलं. शाखा, पिढ्या, कोण कुठे स्थायिक, सगळं आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत माझ्या पणजोबांची सही मी डोळ्यांनी पाहिली आहे. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी बैल घेऊन येतात आणि दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, तेही ऐकलंय.

मात्र यात कुठेही कोण कशाने गेलं हे नाही. लढाईत पडला तर लिहितात, दत्तक घेतला तर लिहितात. सुना-मुलींची तर नावंही अर्धी. आजार कुणी लिहीत नाही, लपवतात.

---

माधवी_बॉस्टन | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

पहिल्यांदाच लिहिते आहे, एरवी वाचनमात्र असते. मी बॉस्टनमध्ये राहते, माझं काम या क्षेत्रातलं नाही. पण अँतिओकियातली मंडळी मेंदूच्या चित्रांसाठी इथे येतात हे वर आलंय, त्यावर थोडं.

२०२३ मध्ये अजून एक माणूस प्रसिद्ध झाला. त्याच गोतावळ्यातला, तोच बदल, आणि ६७ वर्षांपर्यंत स्मृती ठीक. त्याच्यात क्राइस्टचर्चवाला बदल नव्हता. रीलिन नावाच्या प्रथिनात दुर्मिळ बदल होता, आणि त्या बदलाला नाव दिलं 'कोलबॉस', कोलंबिया आणि बॉस्टन जोडून. रीलिन आणि एपीओई पेशींवरच्या एकाच प्रकारच्या खुंट्यांना जाऊन अडकतात. म्हणजे दोन वेगळी माणसं, दोन वेगळी जनुकं, पण वाट एकाच दारापाशी. बहिणीलाही तो बदल होता, तिला मात्र त्याच्याइतकं संरक्षण मिळालं नाही.

आणि २०२४ मध्ये अशा २७ जणांचा अभ्यास आला ज्यांना क्राइस्टचर्चची एकच प्रत होती. त्यांचं विस्मरण साधारण ४७ ऐवजी ५२ व्या वर्षी सुरू झालं. पाच वर्षं. ऐकायला थोडी वाटतात. माझे सासरे आजारी आहेत, मी सांगते, पाच वर्षं म्हणजे नातवंडाचं सगळं बालपण.

---

रानवारा | १४ ऑगस्ट, रात्री ९:००

+१. शेवटचं वाक्य भिडलं.

वैनतेयीताई, तुम्ही विचारलेला प्रश्न तसाच राहिला. त्या लोकांना काय मिळालं?

---

वैनतेयी | १५ ऑगस्ट, दुपारी १२:१०

उत्तर सोपं नाही, म्हणून दोन दिवस गप्प होते.

२०१३ ते २०२२ या काळात तिथे क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी झाली. २५२ जणांनी भाग घेतला, सगळ्यांची स्मृती तोवर शाबूत. आजार होण्याआधीच औषध देऊन तो थांबतो का, हे बघायचं होतं. त्यातले १६९ जण बदल असलेले आणि ८३ जण बदल नसलेले. नसलेल्यांना का घेतलं? फक्त असलेल्यांनाच बोलावलं असतं तर निवड झाली म्हणजे आपल्यात बदल आहे हे त्या माणसाला आपोआप कळलं असतं. म्हणून ज्यांना आजार कधीच होणार नाही अशा ८३ जणांनीही वर्षानुवर्षं दवाखान्याच्या फेऱ्या केल्या, बिनऔषधाच्या सुया टोचून घेतल्या. भावंडं, चुलत भावंडं. स्वतःला काहीही मिळणार नाही, आणि ते काहीही मिळणार नाही हेसुद्धा त्यांना कळणार नाही.

२०२२ च्या जूनमध्ये निकाल आला. औषधाने ठोस फरक पडला नाही.

हे वाचलं त्या दिवशी मी आईला भरवत होते. तिने घास तोंडात धरून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली, गिळायचं विसरली होती. मला त्या ८३ जणांची आठवण येत राहिली.

तर काय मिळालं: नाव मिळालं. शाप नाही, झाड नाही, १४ व्या गुणसूत्रावरची एक चूक आहे हे कळलं. अँतिओकिया विद्यापीठातल्या गटाने घरी येऊन बघणारी, औषधपाणी-डायपरपर्यंत विचारपूस करणारी माणसं दिली. लोपेरा स्वतः अनेकांना नावानिशी ओळखत. औषध मात्र अजून मिळालेलं नाही. क्राइस्टचर्च बदलाची नक्कल करणारं प्रतिपिंड उंदरांवर तपासून झालंय, माणसापर्यंत कधी येईल सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट मला सलते. कित्येक वर्षं या कुटुंबांना स्वतःचा निकाल सांगितला जात नसे. पंचविशीतल्या मुलीला पन्नाशीत काय होणार ते सांगितलं आणि हातात उपाय काहीच नाही, तर ती काय करेल ही संशोधकांची भीती. मला ती समजते. पण मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय त्या मुलीचा आहे. जिला जाणून घ्यायचंय तिला समुपदेशकासह कळायलाच हवं, आणि जिला नको तिला कुणी सांगू नये. संशोधनाच्या खर्चात समुपदेशकाचा पगार पहिल्या ओळीत असावा. भारतात असं काही उभं राहिलं तर मी एवढंच मागेन, बाकी नंतर.

निनाद, भारतात ६० पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंश सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसं, असं लासी-डॅड या पाहणीत आलंय ना? आणि आपले शेकडो समाज मुठीतून उगवलेले. आपल्याही एखाद्या वस्तीत कुणी पंचाहत्तरीची बाई असेल जी खरं तर पन्नाशीत हरवायला हवी होती. तिच्याकडे कोण बघणार?

---

निनाद_प्रयोगशाळा | १५ ऑगस्ट, दुपारी ३:४५

हो, आकडे तेच. त्याच पाहणीतल्या सुमारे २,७०० जणांचे पूर्ण जनुकसंचही वाचून झाले आहेत. शिवाय जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० जणांचे झाले. कोठार तयार होतंय.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मात्र: कोठारातून ती बाई सापडणार नाही. घराण्याची हकीकत कुणीतरी दारात बसून ऐकावी लागेल. लोपेरांनी पहिल्या दिवशी केलं तेच, 'घरात आणखी कुणाला?'

---

कोकणी_माणूस | १७ ऑगस्ट, रात्री १०:०५

धागा वर काढतोय.

काल आत्याकडे गेलो होतो, ती ८४ वर्षांची, लख्ख आहे. वही घेऊन बसलो. आजीला शेवटी काय झालं होतं विचारलं तर आधी 'सोड रे ते' म्हणाली. मग सांगू लागली. आजी परसात जाऊन माहेरच्या वाटेला लागायची, ओटीवर खुर्ची टाकून कुणीतरी बसायचंच. आजीची धाकटी बहीण, तीही तशीच. भाऊ मात्र नव्वदीपर्यंत हिशोब तोंडी करायचा.

वय कुणालाच नक्की माहीत नाही. शेवटी आत्या म्हणाली, 'मधल्या दादाच्या लग्नात तिने नव्या सुनेला तीनदा विचारलं, तू कुणाची गं. आणि तेव्हा तुझा बाप नुकताच नोकरीला लागला होता.' बाबा १९७१ ला लागले. म्हणजे आजी तेव्हा पासष्ट-सहासष्टची.

तेवढं लिहून घेतलंय. पुढच्या रविवारी आजीच्या माहेरी जाणार आहे, तिथे अजून एक मावशी आहेत.